पाहिल्याची तारीख

ही माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. आमच्या सात पिढ्यांत प्रबंध लिहिणारं पहिलं माणूस. पहिलं बाईमाणूस नव्हे, पहिलं माणूस! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी नाक मुरडायला नको. मी स्वतः नववीनंतर शाळेकडे फिरकलो नाही, मला स्टिअरिंगची घाई होती. आज मी दवाखान्याची अॅम्ब्युलन्स चालवतो आणि माझ्यासारखी गाडी कुणी चालवत नाही, हे कुणालाही विचारा. पण या गोष्टीत मी येईन तो नुसता 'दादा' म्हणून. गोष्ट तिची आहे. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनंच मला सांगितलंय, मी विचारून विचारून भंडावून सोडलं तेव्हा.

तर घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणतात, आणि ती पाठमोरी झाली की जुनियर पोरी म्हणतात 'थर्मामीटर'. तिला माहीत आहे. एकदा दादानंच येऊन सांगितलं, "तुला थर्मामीटर म्हणतात गं," तर म्हणाली, "म्हणू देत. बेडपॅन तर म्हणत नाहीत ना."

हे नाव पडलं त्याची गंमत अशी. एका जुनियर पोरीनं टेबलाशी बसल्या बसल्या सगळ्या पेशंटचा ताप लिहून टाकला. सगळे गेले काही दिवस ठीकच होते, आजही असतील, असा तिचा हिशेब. भिंगरीनं वाचलं आणि विचारलं, "खिडकीजवळच्या आजोबांचा ताप घेतलास?" पोरगी म्हणाली, "हो सिस्टर, आत्ताच." आजोबा तेव्हा खाली एक्स-रेच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर पेंगत बसले होते. मग काय! भिंगरीनं पोरीला हाताला धरून खाली नेलं, आजोबांपुढं उभं केलं आणि म्हणाली, "आजोबा, ही तुमचा ताप वरूनच बघते. हिचा हात बघा केवढा लांब आहे." रांग खोखो हसली. पोरगी रडकुंडीला आली. वर आल्यावर भिंगरी हळूच म्हणाली, "न पाहिलेला ताप हा ताप नसतो. तो रकाना कोरा ठेव. कोऱ्या रकान्यानं माणूस मरत नाही, खोट्यानं मरतो."

दादानं हे वाक्य सगळ्या दवाखान्याला ऐकवलंय. लिफ्टमनला तर पाठ आहे.

तिचा वॉर्ड म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांचा. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाची एक बाजू गेलेली, कुणी नुसतंच म्हातारं होऊन आडवं झालेलं. अशा माणसांची कूस वेळच्या वेळी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचेला, माकडहाडाशी जखमा होतात. आधी कातडी नुसती लाल दिसते, मग सोलवटते, मग आत आत खड्डा पडत जातो. भिंगरी चादरीचं टोक उचलते, पाठीवर दोन बोटं टेकवते आणि सांगते, या जागेवर लक्ष ठेवा. दोन दिवसांनी तिथंच उमटतं. यावरच तिनं एम.एस्सी.चा प्रबंध करायला घेतला. नोकरी सांभाळून, दवाखान्याच्याच नर्सिंग कॉलेजात. वॉर्डातल्या पेशंटांची नोंद तिनं इतकी चोख ठेवली होती की तिचे गाईड सर म्हणाले, "अशी निरीक्षणं मी आजवर पाहिली नाहीत." दादानं तेही सगळीकडे सांगितलं.

पण पुढं सर म्हणाले, "रेफरन्स मात्र लंगडे आहेत हो तुमचे. दोन पुस्तकं आणि कॉलेजचं एक मासिक! लोक प्रबंधाची शेवटची पानं आधी बघतात. ती जरा भरलेली दिसू द्या. नेटवर ढीग पडलेला असतो, घ्या की."

तिनं घेतलं. आता कसं घेतलं ते ऐका, कारण सगळी गोम तिथं आहे.

ड्युटी संपवून ती कॉलेजच्या वाचनालयात कॉम्प्युटरपुढं बसली. पाय सुजलेले, डोळे चुरचुरत होते. शोधता शोधता तिला या जखमांवरचा एक लांबलचक लेख सापडला. सोपा, नीटस लिहिलेला, आणि खाली संदर्भांची ही एवढी शेपूट. कुणी कुठं काय म्हटलंय, त्याचा पत्ता काय, सगळं ओळीनं. तिनं तो लेख वाचला. खालचे पत्ते एकेक करून उघडायला पाहिजे होते. ती मनाशी म्हणाली, या लेखवाल्यानं उघडलेच असतील की. आपल्याकडे ड्युटी बदलते तेव्हा रात्रीची सिस्टर सांगते आणि सकाळची ऐकून घेते. त्या विश्वासावर तर दवाखाना चालतो. तसंच हे. आणि तिनं ती शेपूट उचलून आपल्या प्रबंधाला जोडली. त्या लेखाचं नाव मात्र कुठंच टाकलं नाही. एका लेखातून सगळं घेतलं असं दिसलं तर कसं दिसेल? त्यापेक्षा आपणच सगळं वाचलंय असं दिसलं तर काय बिघडलं?

एवढंच. बाकी प्रबंध शंभर नंबरी. तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, बोटांनी चाचपलेला.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. ही परीक्षा उघड असते, कुणीही येऊन बसू शकतं. आता 'कुणीही' म्हटल्यावर दादा मागं राहतो होय! आईला आणलं, वहिनीला आणलं, अॅम्ब्युलन्सचे सगळे ड्रायव्हर युनिफॉर्मात आणून पुढच्या रांगेत बसवले, आणि कॅन्टीनवाला गल्ला पोरावर सोडून आला. भिंगरी आत आली आणि तिनं पुढची रांग पाहिली. वहिनीच्या कानाशी जाऊन कुजबुजली, "वहिनी, हे काय? लग्न आहे का माझं?"

"मी सांगितलं गं," वहिनी म्हणाली, "पण ऐकतील तर तुझे भाऊ कसले."

बाहेरगावच्या विद्यापीठातून परीक्षक बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढं झुकून ऐकावं लागे. त्यांनी वॉर्डाबद्दल विचारलं, कुशीबद्दल विचारलं, टाचेखाली उशी कुठं ठेवता ते विचारलं. भिंगरी तासलेल्या पेन्सिलीसारखी उत्तरं देत होती. दादा प्रत्येक उत्तराला शेजारच्या ड्रायव्हरला कोपरानं ढोसत होता.

मग बाईंनी आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. "तुमच्या संदर्भांतला एक पत्ता मी काल उघडून पाहिला," त्या म्हणाल्या, आणि पडद्यावर एक भलीमोठी गादी आली. गुलाबी. वर एक जोडपं दात दाखवत लोळतंय, आणि खाली लिहिलंय, 'आजच मागवा, उशी मोफत'.

खोली हसली. पुढची रांग सगळ्यात मोठ्यानं हसली, कारण त्यांना वाटलं हा परीक्षेतला विनोदाचा भाग.

"गादी बरी दिसते," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इथं लिहिलंय की कूस बदलण्याबद्दलची माहिती या पानावरून घेतली. तुम्ही पाहिलंत तेव्हा इथं काय होतं?"

भिंगरीच्या कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. तिनं ते पान कधी पाहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा बघत होती, ते पण उशीसकट. दोनच शब्द बोलायचे होते, 'पाहिलं नाही'. समोर आई बसली होती, हात मांडीवर जोडून. शेवटच्या रांगेत ती जुनियर पोरगी बसली होती, एक्स-रेवाली. ड्युटी बदलून मुद्दाम ऐकायला आली होती.

"तेव्हा... माहिती होती," भिंगरी म्हणाली. "कूस बदलायची माहिती."

"असेल," बाई सहज म्हणाल्या. त्यांना संशयसुद्धा आला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "नेटवरची पानं बदलतात. जागा सोडून जातात, विकली जातात. छापलेलं पुस्तक छापलं तसं राहतं, हे म्हणजे फळ्यावरचं लिहिणं, कोण कधी पुसेल नेम नाही. म्हणून नुसता पत्ता लिहून भागत नाही. लिहिणारा कोण, पानाचं नाव काय, पत्ता काय, आणि तुम्ही ते कोणत्या दिवशी पाहिलंत, एवढं तरी पाहिजे. नुसता पत्ता म्हणजे अमुक गल्लीत कुणीतरी काहीतरी म्हणालं, असं झालं." मग त्यांनी गाईड सरांकडे पाहिलं. "काम उत्तम आहे. मी पास करते. फक्त या ऑनलाइन संदर्भांपुढं पाहिल्याच्या तारखा घालून उद्या सकाळी, मी निघायच्या आत, मला गेस्ट हाऊसवर आणून द्या. मग सही करते."

पास! हा शब्द ऐकला मात्र, दादा उठून उभा राहिला. मागं पुढं न बघता म्हणाला, "मॅडम, एक बोलू का? मी हिचा मोठा भाऊ. माझी बहीण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. सगळ्या दवाखान्याला विचारा!"

बाई पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. "ते दिसतंय. म्हणूनच मला प्रबंध आवडला."

टाळ्या पडल्या. भिंगरी मान खाली घालून टेबलाच्या कडेकडे बघत उभी होती. लोकांना वाटलं, किती विनय हा!

दुपारभर ती अभिनंदनांच्या माऱ्यात सापडली. तिच्या पुढं पुढं दादा सुटला होता ना! ती वॉर्डात पोचायच्या आधी बातमी पोचलेली. एक्स-रेवाली पोरगी बाहेरच उभी होती, हातात फुलांचा गुच्छ.

"सिस्टर, आता ट्यूटरच्या जागेवर तुम्हीच या. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय."

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या ट्यूटरची एक जागा रिकामी होती. मुलाखत तोंडावर आली होती, पदवीचा कागद पाहिजे होता. भिंगरीला ती जागा किती हवी होती हे तिनं दादालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. पोरींना शिकवायचं, पहिल्या दिवसापासून, वाईट सवय लागायच्या आत. तिनं गुच्छ घेतला, म्हणाली, "अगं कशाला हे," आणि पोरीच्या डोळ्याला डोळा न देता आत गेली. आत जाऊन गुच्छ बादलीत ठेवला आणि बराच वेळ उगाच हात धूत राहिली.

संध्याकाळी घरात माणसंच माणसं. बाहेरच्या खोलीत दादा ड्रायव्हर मंडळींना परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात गादीचा प्रसंग कुठंच नव्हता. भिंगरी आतल्या खोलीत पलंगावर बसली, फोन घेऊन. तिनं मनाशी ठरवलं, आज तरी उघडू. आज पाहिलं तर आजची तारीख लिहिता येईल. उशिरा का होईना, पाहिलं तर खरं.

पहिला पत्ता गादीचाच. दुसरा उघडलाच नाही, पान मिळत नाही म्हणाला. तिसरा म्हणाला, आधी सभासद व्हा. चौथा उघडला. तिला केवढा आनंद झाला! अगदी खरा, पूर्ण निबंध होता तो, लिहिणाऱ्याच्या नावासकट. ती वाचायला लागली. तिनं आपल्या प्रबंधात या निबंधाच्या नावावर लिहिलं होतं की कातडी लाल झाली की त्या जागी हलकं चोळावं. तिला नर्सिंगला असताना तसंच शिकवलं होतं, शेपूटवाल्या लेखातही तसंच होतं, त्यामुळं तिला शंकाच आली नव्हती. आणि निबंधात साफ लिहिलं होतं की लाल झालेली जागा चोळू नका. आतली नाजूक झालेली कातडी त्यानं आणखी फाटते.

तिनं परत वाचलं. वर जाऊन नाव तपासलं, पत्ता तपासला. तोच होता. त्या लेखवाल्यानंही निबंध उघडला नव्हता, किंवा उघडून उलटं लिहिलं होतं. आणि तिनं ते तसंच पुढं सरकवलं होतं, स्वतःच्या नावानं, जुनियर पोरींसाठी लिहिलेल्या सूचनांच्या प्रकरणात.

किती पाठी चोळल्या आपण, ती मनात म्हणाली. आणि पुढच्या वर्षी वर्गभर पोरी चोळतील, थर्मामीटरनं सांगितलं म्हणून.

तेवढ्यात दादा आत आला. "चल ना बाहेर! मंडळी खोळंबलीत. गाणं म्हणायला नाही सांगत तुला, नुसतं येऊन बस."

"दादा, दार लाव."

त्यानं दार लावलं. ती फोनकडेच बघत म्हणाली, "ही पानं मी पाहिलीच नव्हती."

"कुठली पानं?"

"प्रबंधाच्या शेवटची. नेटवरची. दुसऱ्याच्या लेखाखाली होती, ती उचलली."

दादानं डोकं खाजवलं. "मग? बाईंनी तर पास केलं. तारखा घालायच्या ना? घाल की. माझ्या वाढदिवसाची घाल, ती तरी लक्षात राहील."

"न पाहिलेल्याची तारीख घालू?"

"अगं, आपण रस्ता विचारत विचारत जातो की नाही? प्रत्येक वळण काय आपण स्वतः शोधून काढतो? पंपावरचा माणूस सांगतो, पुलाच्या पलीकडं डावीकडं वळा, वळलो."

"वळतोस ना? मग पेशंटच्या घरच्यांनी विचारलं, रस्ता कसा आहे, तर काय सांगतोस? 'पंपावरच्यानं सांगितलं' म्हणतोस की 'मी कालच जाऊन आलो' म्हणतोस?"

दादा गप्प झाला. हे माणूस गप्प बसणं म्हणजे घरात पंखा बंद पडल्यासारखं, लगेच सगळ्यांना कळतं.

"मी 'कालच जाऊन आले' म्हणाले," ती म्हणाली. "तिथं, उभी राहून, सगळ्यांच्या देखत. आणि तू उठून म्हणालास, पाहिल्याशिवाय लिहीत नाही."

"ते खरंच आहे."

"नाहीये ना दादा!"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, दादाला रडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते माहीत आहे, रोज बघतो. ती नुसती लाल झाली होती, मानेपासून कपाळापर्यंत, आणि फोनची काच अंगठ्यानं पुसत होती.

"मग आता?" दादानं विचारलं. "ट्यूटरची जागा?"

तिनं फोन उशीखाली सारला. म्हणाली, "बाहेर जाऊन सांग, तिचं डोकं दुखतंय. आणि सकाळी मला गेस्ट हाऊसवर सोड."

बाहेर दादानं मंडळींना सांगितलं, अभ्यासानं डोकं चढलंय बिचारीचं. खोटं नव्हतं म्हणा अगदीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कूटरवरून निघाले. रस्ताभर एक शब्द नाही. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात परीक्षक बाई चहा पीत बसल्या होत्या, बॅग शेजारी बांधून तयार. भिंगरीला बघून म्हणाल्या, "या, बसा. आणल्यात तारखा?"

ती बसली नाही. दादा पायरीपाशी थांबला, एका कुंडीच्या आडोशाला, पण कान सगळे इकडं.

"तारखा नाहीत मॅडम. मी ती पानं पाहिली नव्हती."

"कोणती?"

"एकही नाही. एका लेखाखाली यादी होती, ती उतरवली. त्या लेखाचं नाव लपवलं. काल तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले." तिला श्वास घ्यावा लागला. "आणि काल एक पान उघडलं, तर त्यात मी लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं आहे. लाल जागा चोळू नका म्हणतात ते. माझ्या प्रबंधात चोळा म्हणून आहे."

बाईंनी कप बशीत ठेवला. "काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटतेय."

दादाला राहवलं नाही. कुंडीमागून पुढं येत म्हणाला, "मॅडम, एवढीशी चूक आहे हो. वॉर्डातलं सगळं खरं आहे, मी स्वतः..."

"दादा, गप्प बस," भिंगरी मागं न बघता म्हणाली.

बाईंनी शेजारची बॅग पुढं ओढली. मग त्यांनी बॅगेतून प्रबंध काढला, वरचा सहीचा कागद सोडवून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि प्रबंध तिच्या हातात दिला. "सही होणार नाही. वॉर्डाचा भाग तसाच ठेवा. पाठीमागचं सगळं काढा. जे उघडून वाचाल तेवढंच घाला, मग ते अर्धं पान का असेना. दुसऱ्याच्या लेखात दुसऱ्याचं म्हणणं वाचलं असेल, तर या लेखात असं म्हटलंय म्हणून सरळ त्या लेखाचं नाव लिहा. सूचनांचं प्रकरण नव्यानं करा. पुढच्या खेपेला परत या."

"म्हणजे या वर्षी नाही."

"या वर्षी नाही. आणि तुमच्या गाईडना मला कळवावं लागेल, कारण काय ते."

"मीच सांगते त्यांना."

"तुम्ही सांगा. मीही सांगेन." बाईंच्या आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. "काल मी तुमचं भर खोलीत कौतुक केलं होतं," एवढंच त्या पुढं म्हणाल्या आणि गार झालेला चहा उचलला. भिंगरीला वाटलं, यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं.

पायऱ्या उतरताना तिच्या हातातून प्रबंध निसटत होता, दादानं घ्यायला हात पुढं केला, तिनं दिला नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी आले तर पहारेकऱ्यानं लांबूनच सलाम ठोकला. "या या, डॉक्टरीणबाई! आता आमच्या गुडघ्याचं तुम्हीच बघा."

भिंगरीनं दादाच्या पाठीवर हात मारून स्कूटर थांबवली. "डॉक्टरीणबाई?"

"ते... मोठी डिग्री म्हणालो मी," दादा पुढं बघत म्हणाला. "त्यानं आपल्या मनानं वाढवलं."

ती खाली उतरली. पहारेकऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "काका, मी डॉक्टर झाले नाही. डिग्रीही मिळाली नाही. मी न वाचलेलं वाचलं म्हणून लिहिलं होतं. ते कळलं, परत लिहायला सांगितलंय."

"म्हणजे नापास?" पहारेकरी घाबरून म्हणाला. त्यानं दादाकडं पाहिलं. दादाच्या तोंडावर आलं होतं की नापास नाही, तसं नाही ते. पण तिच्या मानेचा रंग पाहून त्यानं गिळलं आणि स्कूटरच्या आरशाशी काहीतरी करायला लागला.

"हो. तसंच समजा," भिंगरी म्हणाली.

"असू दे, असू दे," पहारेकरी म्हणाला. त्याला नजर कुठं ठेवावी कळेना. "होतं असं."

ती परत आली, पण स्कूटरवर बसली नाही. प्रबंध काखेत धरून उभी राहिली. फाटकातून सकाळच्या पाळीची माणसं आत शिरत होती. कुणी मान हलवत होतं, कुणी लांबूनच अंगठा उंचावत होतं.

"दादा, अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

दादानं आरसा आणखी एकदा फिरवला.

"दादा."

"कॅन्टीनमध्ये," तो म्हणाला. "ते तर आलेच होते म्हणा. रक्तपेढीत. पंपावर. धोबीखान्यात." मग जरा थांबून, आवाज खाली करून, "आणि सुपरिंटेंडेंट साहेबांना."

"साहेबांना? साहेब कुठं भेटले तुला?"

"लिफ्टमध्ये. लिफ्ट हळू होती गं."

भिंगरीनं डोळे मिटले आणि उघडले. वॉर्डात तिची जुनियर पोरगी वाट बघत असणार होती, गाईड सरांच्या खोलीचं दार अजून उघडायचं होतं. तिनं केस मागं सारले आणि चालायला लागली.

"गाडी लाव आणि ये," ती म्हणाली. "आधी साहेबांकडे."